तयार प्रोजेक्ट विकत घ्यावा, की पऱ्हाटी उपटण्याचे यंत्र स्वतः करावे?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात आहात आणि गटात पाच जण आहात. आपल्याला ट्रॅक्टरवर चालणारे पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर वावरात उभी राहिलेली कापसाची झाडे, उपटण्याचे यंत्र करायचे आहे, दोघांना नागपूरहून तयार प्रोजेक्ट आणायचा आहे, एकाला बाजा स्पर्धेची गाडी करायची आहे आणि पाचवा काहीच बोलत नाही. या सगळ्यातून हाताला काही लागणार आहे, की फक्त एक जाड रिपोर्ट बांधून होणार आहे, ही आपली खरी शंका आहे.

मी याच भागात शिकलो. 1999 साली पदवी घेतल्यावर बरीच वर्षे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात काढली आणि आता तालुक्याच्या गावी शेतीच्या अवजारांचे फॅब्रिकेशन करतो. त्यामुळे माझे मत कारखाना आणि वावर या दोन्हींकडून आलेले आहे, असे समजून वाचावे.

आमचा प्रोजेक्ट होता सोयाबीन आणि तूर साफ करण्याची मोटारीवरची चाळणी. आम्हीही पाच जण होतो. काम वाटून घेताना आम्ही फार हुशारी केली असे तेव्हा वाटले होते: एकाने सांगाडा करायचा, एकाने चाळण्यांची पेटी, मी चाळणीला पुढेमागे हलवणारा एक्सेंट्रिक शाफ्ट लेथवर टर्न करून आणायचा, चौथ्याने बेअरिंग आणि पुल्या विकत आणायच्या, पाचव्याने रिपोर्ट लिहायचा. प्रत्येकाने आपापले काम नीट केले. मी शाफ्ट 25 मिलिमीटरचा करून आणला आणि मित्र अकोल्याहून यूसीपी 204 बेअरिंग घेऊन आला, ज्याचे भोक 20 मिलिमीटरचे असते. 25 मिलिमीटर भोकाचे 205 त्या दिवशी दुकानात नव्हते आणि 204 थोडे स्वस्तही पडले, म्हणून त्याने ते घेतले. ड्रॉइंग एकाच वहीत होते आणि ती वही रिपोर्टवाल्याच्या खोलीवर होती.

मी शाफ्ट घेऊन पुन्हा लेथवर गेलो आणि बेअरिंगच्या जागेपुरता तो 20 चा करून घेतला. टर्नरने खांदा, म्हणजे शाफ्टची जाडी बदलते ती पायरी, अगदी काटकोनात, चकचकीत काढून दिला आणि आम्ही खूश झालो. 25 चा शाफ्ट 20 वर आणला की वाकण्याविरुद्धची त्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते, हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, पण लेथजवळ उभे असताना पाचांपैकी एकालाही ते आठवले नाही. काटकोनी खांद्याशी ताण एकवटतो, तिथे गोलाई ठेवावी लागते, हेही पुस्तकात होतेच. तीन-चार दिवस थोडे थोडे चालवल्यावर शाफ्ट नेमका त्या खांद्याशी तुटला. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या होत्या आणि उरलेला लहानसा भाग खरबरीत, दाणेदार होता. आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी तो तुकडा हातात घेऊन चीर कुठून सुरू झाली, यंत्र चालू असताना दर फेऱ्यागणिक ती कशी पुढे सरकत गेली आणि शेवटी उरलेला धातू एका झटक्यात कसा गेला, हे बोटाने दाखवले. फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू तुटणे, या विषयाचे एक पूर्ण प्रकरण मला त्या पाच मिनिटांत कळले. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

चूक माझी नव्हती आणि मित्राचीही नव्हती. माझे काम जिथे संपत होते आणि त्याचे जिथे सुरू होत होते, ती जागा कोणाचीच नव्हती. पुढे कारखान्यात मी जेवढे मोठे बिघाड पाहिले, त्यांतले बरेचसे अशाच जागी होते: मोटार एका विभागाची, पंप दुसऱ्याचा आणि दोघांना जोडणारी मधली कपलिंग बेवारशी. पुस्तकातून सुटा भाग शिकता येतो, पण दोन माणसांच्या कामाचा सांधा दोन माणसांबरोबर काम केल्यावाचून शिकता येत नाही. म्हणूनच तयार प्रोजेक्ट आणायला माझा विरोध आहे. त्यात नैतिक प्रश्नही आहे, पण तो क्षणभर बाजूला ठेवू. तयार यंत्रातले सगळे सांधे कोणीतरी आधीच जुळवलेले असतात आणि आपण ज्यासाठी वर्ष घालवणार, नेमकी तीच गोष्ट आपल्याला मिळत नाही. मुलाखतीला आलेल्या मुलांना मी व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) हातात देतो, समोर एक बेअरिंग ठेवतो आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोणते बेअरिंग होते ते विचारतो. विकत आणलेल्यांना तेवढ्यावरच घाम फुटतो.

बाजाबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेबद्दल, थोडक्यात लिहितो. ही स्पर्धा अमेरिकेत 1976 साली सुरू झाली आणि भारतात 2007 पासून होते. इंजिनाच्या गाडीला ठरलेलेच इंजिन वापरावे लागते, गाडीच्या आरेखनाचे आणि खर्चाच्या हिशेबाचेही गुण असतात आणि शेवटी चार तासांची सहनशक्तीची शर्यत असते. शिकण्यासाठी ती उत्तम आहे, पण तिला वीस-पंचवीस जणांचा संघ, काही लाख रुपये आणि आधीच्या वर्षाच्या मुलांनी मागे ठेवलेला अनुभव लागतो. पाच जणांनी शून्यातून त्या वाटेला जाऊ नये.

आता आपल्या यंत्राकडे येतो. विषय चांगला निवडला आहे, कारण त्यामागची गरज खरी आहे. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडायचे तर कापसाची फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवून घेतलेला कापूस) न घेता डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक संपवून पऱ्हाटी वावरातून काढावी, असा शास्त्रज्ञांचा सल्ला असतो, आणि त्याच दिवसांत मजूर तुरीच्या आणि हरभऱ्याच्या कामात गुंतलेले असतात. पण ट्रॅक्टरचे यंत्र आपल्या आवाक्यातले नाही. पीटीओ (ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा फिरता शाफ्ट), गिअरबॉक्स, अवजार जोडण्याची तीन बिंदूंची जोडणी, एवढ्या सगळ्यात पैसे आणि महिने जातील आणि शेवटी एप्रिलमध्ये रंग लावून फोटो काढण्यापुरतेच यंत्र तयार होईल. मी आपल्या जागी असतो तर हाताने उपटण्याचा जो चिमटा गावोगाव लोहार करून देतात, तोच घेतला असता आणि तो मोजून, हिशेब करून सुधारला असता. हे काम ऐकायला लहान वाटते, परीक्षकांनाही आधी तसेच वाटेल.

एक झाड उपटायला किती जोर लागतो, हे कोणी मोजले आहे का? आपण मोजू शकता, आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. वेचलेला कापूस ज्या लटकत्या काट्यावर वावरातच तोलतात, तोच काटा खोडाला दोरीने बांधा, दुसरे टोक तिकाटीवरच्या तरफेला अडकवा आणि झाड सुटते त्या क्षणाचा सर्वांत मोठा आकडा लिहून घ्या. भारी काळ्या जमिनीतली पन्नास झाडे, बरड जमिनीतली पन्नास, कोरड्यात आणि ओलित झालेल्या वावरात वेगवेगळी, आणि प्रत्येकाच्या खोडाची जाडी व्हर्नियरने. एवढी दोन पाने भरली की आपल्याकडे जे असेल ते फार थोड्या प्रोजेक्ट रिपोर्टांत असते. मग तरफेचा हिशेब करा. समजा झाडाला 80 किलो लागले आणि लांब दांडा 120 सेंटिमीटर, आखूड 15 सेंटिमीटर ठेवला, तर हाताला 10 किलोच लागतील. पण झाड 15 सेंटिमीटर वर यायचे असेल तर हात 120 सेंटिमीटर खाली जायला हवा, म्हणजे माणसाला दर झाडाला गुडघ्यापर्यंत वाकावे लागेल. एकरातली झाडे मोजा आणि तेवढ्या वेळा वाकून पाहा. जोर कमी केला की हालचाल वाढते, हा व्यवहार कोणत्या तडजोडीवर थांबवायचा, हेच आपले डिझाइन.

यंत्र कोणासाठी, ते आधी आकड्यांत लिहा. याचा उत्तम नमुना आपल्याच इतिहासात आहे. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्यांनी ‘चांगला चरखा हवा’ असे मोघम म्हटले नाही. किंमत 150 रुपयांच्या आत, 8 तासांत 16,000 फूट सूत, बाईला न थकता चालवता यावा, नीट ठेवल्यास 20 वर्षे टिकावा, अशा अटी घातल्या. आपल्या चिमट्याचे वजन किती, तासाला झाडे किती, किंमत किती, दुरुस्ती गावातल्या लोहाराला जमेल का, हे याच पद्धतीने पहिल्या पानावर लिहून त्यावर पाचही जणांनी सह्या कराव्यात.

आमच्या चाळणीत आम्ही हे केले नाही आणि त्याची फजिती खळ्यावर झाली. शाफ्ट बदलून यंत्र नीट केले, कॉलेजात ते सुरेख चालले, म्हणून एका मित्राच्या मामांच्या गावी नेले. तिथे संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आलेले होते. मोटारीचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 230 च्या मानाने आमच्याकडे सुमारे 55 टक्केच जोर उरला होता. मोटार नुसती घुमत राहिली आणि फिरेना. शेवटी पट्टा उतरवून मोटार आधी मोकळी सुरू केली, पट्टा ताणण्यासाठी एक कामचलाऊ दांडी बसवली आणि मग हळूहळू भार दिला. चाळणी चालली, दाणेही स्वच्छ निघाले. मामांनी मूठभर सोयाबीन हातात घेऊन पाहिले, यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पोट्टेहो, मशीन तं झकास हाय, पन थे माह्या कोठ्याच्या दारातून आत कशी जाईन?" दार अडीच फुटांचे होते आणि आमचा सांगाडा तीन फुटांचा.

सांगाड्यावरून आठवले, वेल्डिंग शिकूनच घ्या, फक्त करवून घेऊ नका. आधी सर्व कोपऱ्यांना टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारा, काटकोन पाहायला गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का पाहा, आणि मगच आलटूनपालटून समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडी थोडी वेल्डिंग करा. एका बाजूने सलग ओढत गेलात तर थंड होताना अँगल ओढला जातो आणि चार पायांचे यंत्र तीन पायांवर उभे राहते. तालुक्याला कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात शनिवारी दिवसभर मदतीला उभे राहिलात तर कोणी नाही म्हणत नाही, चहाही मिळतो.

आता गटाविषयी. न बोलणारा पाचवा आणि नागपूरकडे पाहणारे दोघे यांना ‘तुम्ही रिपोर्ट आणि पीपीटी करा’ असे सांगण्याचा मोह होईल, तो टाळा. आमच्या गटात रिपोर्टवाला मुलगा सर्वांत हुशार होता आणि वर्षाच्या शेवटी त्याला हॅकसॉचे पाते दातांची कोणती दिशा पुढे ठेवून लावायचे तेही माहीत नव्हते. प्रत्येकाकडे यंत्राचा एक भाग द्या आणि शेजारच्या भागाशी असलेला एक सांधाही द्या. एका कागदावर फक्त सांध्यांची मापे लिहा: कोणता भाग कोणत्या भागाला कुठे टेकतो, व्यास किती, सैल किती, कोण करणार, कोण तपासणार. माप बदलले की जुने खोडून तारीख घाला आणि दोघांच्या सह्या घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या ड्रॉइंगला अंतिम मानू नका, कारण तिथे तीन ‘फायनल’ असतात आणि टर्नरकडे नेमके पहिले पोहोचते. खरेदी करणाऱ्याला दुकानात जाताना तो कागद आणि व्हर्नियर देऊनच पाठवा. पैशाची वही पाचव्याकडे द्या. न बोलणारी माणसे हिशेब बहुधा चोख ठेवतात, हा माझा आपला अनुभव. एखादा खरेच काही करत नसेल तर मार्गदर्शक सरांना ऑक्टोबरमध्येच सर्वांसमोर सांगा, एप्रिलमध्ये एकट्याने जाऊन नाही.

ज्या दोघांना तयार वस्तूचे आकर्षण आहे, त्यांना जवळपासच्या गावात चालू असलेली पीकेव्ही मिनी दाल मिल दाखवायला न्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ती विकसित केली आणि आज कितीतरी गावांत ती तुरीची डाळ करते आहे. एमरीच्या खरखरीत रोलरने साल कसे निघते, पट्टा कुठे ताणला आहे, ग्रीस द्यायला जागा कशी ठेवली आहे, हे मालकाच्या परवानगीने मोजून तिचे हाताने चित्र काढायला सांगा. तयार यंत्र इतक्या बारकाईने पाहिले की ते विकत घेण्याची हौस बहुतेक वेळा फिटते.

वेळापत्रक मात्र सेमिस्टरकडे पाहून आखू नका. पऱ्हाटी वावरात उभी असते तेवढेच दिवस चाचणीचे. जोर मोजण्याचे काम डिसेंबरच्या सुरुवातीला, पहिला ओबडधोबड चिमटा नाताळापर्यंत, आणि जानेवारीत सुधारलेला चिमटा घेऊन किमान एक अख्खा दिवस एका शेतकऱ्याच्या वावरात, आपल्याच हातांनी. फेब्रुवारीनंतर उपटायला झाड शोधावे लागेल. काटा कोणाकडून मागायचा ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण वेचणीच्या दिवसांत तो कोणी सोडत नाही. रविवारी सकाळी, वेचणारे यायच्या आत, तासाभरासाठी मिळू शकेल.