'तुंबाड' पूर्ण व्हायला इतकी वर्षे का लागली? त्यातला पाऊस टँकरने पाडता आला नसता का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: २०१२ साली चित्रीकरण सुरू झालेला 'तुंबाड' पडद्यावर यायला २०१८ का उजाडले, आणि पाऊस टँकरने पाडला असता तर ही वर्षे वाचली नसती का. आपला गट गगनबावड्याकडे भयकथेवर लघुपट करणार असल्याने दुसरा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा असणार. मी कोल्हापुरात मालिका आणि लघुपटांसाठी प्रकाशयोजनेचे काम करतो. त्या चित्रपटाशी माझा संबंध नाही, त्यामुळे प्रसिद्ध असलेली माहिती आणि माझ्या कामातून जे कळते तेवढेच लिहितो.

सगळा भार पावसावर टाकणे योग्य होणार नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पहिला मसुदा १९९७ मध्येच लिहिला होता. बीज नारायण धारपांच्या कथेतले, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले, आणि पुढे बरीच वर्षे निर्माते येत राहिले व मागे फिरत राहिले. अखेर निर्माते आणि प्रमुख नट सोहम शाह यांच्याबरोबर काम उभे राहिले, चित्रीकरण झाले, संकलनही झाले. पण हाती आलेले मनासारखे नाही असे ठरल्यावर पटकथेवर पुन्हा काम करून मोठा भाग नव्याने चित्रित करण्यात आला. ते २०१५ मध्ये संपले, त्यानंतर दृश्यपरिणामांचे काम. माझ्या मते सर्वांत महाग निर्णय हाच होता, आणि चित्रपट वाचला तोही त्यामुळेच.

आता पाऊस. टँकर, पंप आणि वर बांधलेले फवाऱ्याचे पाइप यांनी पाणी पाडता येते, पण पावसाळी उजेड पाडता येत नाही. पडते पाणी कॅमेऱ्याला दिसावे म्हणून त्याच्या मागून दिवा मारावा लागतो. मग धारा चांदीसारख्या चमकतात, माणसांच्या कडा उजळतात, आणि गाण्याला शोभेल असा पाऊस तयार होतो. शिवाय पाणी पाइपांच्या टप्प्यापुरतेच पडते, मागचा डोंगर कोरडाच राहतो, आणि ऊन असेल तर भिंतीवरची सावली सगळे उघडे पाडते. खऱ्या आषाढात मात्र उजेड सगळ्या बाजूंनी सारखा आणि करडा येतो, सावली जवळजवळ नसते, लांबचे धुक्यात विरते, आणि दिवसभर ओल्या राहिलेल्या भिंतीचा व शेवाळाचा रंगच वेगळा असतो. 'तुंबाड'ची भीती त्या रंगात आहे, हस्तर हा कथेतला शापित देव फार नंतर येतो. तो रंग वर्षातून दोन-तीन महिनेच मिळत असल्याने चित्रीकरण चार पावसाळ्यांत विभागले गेले. इतका काळ प्रमुख नटाने एकच शरीरयष्टी टिकवून धरायची, हा खर्च ताळेबंदात दिसत नाही.

घरातल्या दृश्यांत कंदील किंवा दिवा हाच उजेडाचा उगम वाटतो, बाकी चौकट काळी राहू दिलेली आहे. छायालेखक पंकज कुमार यांना या कामासाठी फिल्मफेअर मिळाले, ते रास्तच होते. आणि वाड्यातली ती म्हातारी आजी म्हणजे रंगभूषेखालचा मोहम्मद समद, जो नायकाच्या मुलाचीही भूमिका करतो. हे माहीत नसेल तर चित्रपट पुन्हा पाहा.

आपण तसेच थांबावे का? चार पावसाळे नव्हे, पण एक पुरेपूर वापरा. जुलैत गगनबावड्याला पाऊस मागावा लागत नाही, अडचण उघडीप पडण्याची असते. म्हणून बाहेरच्या प्रत्येक दृश्याबरोबर एक आतले दृश्य तयार ठेवा आणि ढग फाटले की पात्रांना आत घ्या. गाडीतल्या एसीमधून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, काच धुरकटते आणि ती निवळेपर्यंत उजेड बदललेला असतो. पत्र्याच्या छपराखाली संवाद ध्वनिमुद्रित होतील अशी आशा धरू नका. ते नंतर डब करावे लागतील असे धरूनच खर्च मांडा. टँकरचे भाडे आधी विचारून ठेवलेत तरी हरकत नाही, फक्त तो रात्रीच्या आणि जवळच्या चौकटींसाठी वापरा, कारण अंधारात मागचा डोंगर दिसतच नाही.