लस नाकारणाऱ्या सेविकेचे आधी ऐकून घ्या

वडोदऱ्यातील वृद्धाश्रमात तुम्ही नव्याने व्यवस्थापन पाहणार आहात, म्हणून आवर्जून सांगते: एखादी सेविका फ्लूची लस नको म्हणाली, तर तिला अडाणी समजू नका. लशीनंतर एक-दोन दिवस ताप आला तर रोजंदारी बुडेल, ही भीती अगदी खरी असते. त्यामुळे लशीवर व्याख्यान देण्याआधी त्या दिवसांची पगारी सुट्टी मंजूर करून घ्या. २०२१ मधील कोविड लशीविषयीच्या, विशेषतः मूल न होण्याच्या, अफवा काहींच्या मनात अजून आहेत. त्या शंका परिचारिकेने एकांतात, गुजरातीतूनच ऐकाव्यात. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही, मात्र संरक्षण मिळायला सुमारे दोन आठवडे लागतात, हे स्पष्ट सांगा. वृद्धांच्या शरीरात लशीचा परिणाम क्षीण असतो, म्हणून त्यांना सेविकांकडून फ्लूची लागण होऊ नये यासाठी सेविकांनी ती घेणे फार महत्त्वाचे आहे. तरीही नकार देणारीला पुन्हा विचारा, धमकावू नका.