आयोडीनचा रंग गेला कुठे?

प्रश्न : हॅलोजन गणात (क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन अशा मूलद्रव्यांच्या कुटुंबात) खाली जाताना क्रियाशीलता घटते, हे वर्गात दाखवायला पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीन वॉटर (पाण्यात विरघळवलेला क्लोरीन) ओतलं. तपकिरी रंग आला नि लगेच गेलाही! असं का?
— एक शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : बाई, क्लोरीन जास्त झाला. आधी तो आयोडीनला मोकळं करतो. मग उरलेला क्लोरीन त्याच आयोडीनचं रंगहीन आयोडेट करून टाकतो. २ मिलि द्रावणात थेंबथेंब घाला, रंग चढला की थांबा. १ मिलि हेक्झेन (पाण्यात न मिसळणारा, ज्वलनशील द्रव) घालून हलवलंत तर वरचा थर जांभळा होईल. ब्रोमाइड घेतलंत तर नारिंगी. (हेक्झेनजवळ बर्नर नकोच.) उलट प्रयोगही करा : आयोडीन ब्रोमाइडला ढिम्म हलवत नाही, कारण आयोडीनचा अणू मोठा, इलेक्ट्रॉन ओढायचा जोर कमी. क्लोरीन वॉटर ताजंच हवं, उजेडात ते निकामी होतं.