ट्रायलच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : सासूबाईंना (वय 54) गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, स्टेज तीन-बी. मुंबईच्या डॉक्टरांनी ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीत, येता का, असं विचारलं. कोणाला कोणता उपचार, ते कॉम्प्युटर ठरवतो म्हणे. साखरेची गोळी देऊन बसवलं तर? – एक सूनबाई, जि. सातारा

उत्तर : नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवतील, ही भीती सोडा. कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखे पेशंटचे दोन गट पाडतो. या आजारावर चालणारा उपचार आहे, त्यामुळे तो दोन्ही गटांना मिळतो. नवीन औषध, किंवा त्याच्यासारखी दिसणारी गोळी, त्याच्या जोडीला असते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तीन-बीच्याच 850 बायकांवर अशी ट्रायल झाली. एका गटाला तेव्हा रूढ असलेलं रेडिएशन, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत ‘लाईट’. दुसऱ्याला लाईट आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध. पाच वर्षांनी पहिल्या गटात 46 टक्के, दुसऱ्यात 54 टक्के बायका हयात होत्या. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच : ‘नवीन औषधाच्या गटात नाव नाही आलं, तर आईंना नेमकं काय मिळेल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नका.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, दोन दिवस वाचा. सासूबाईंना वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. अंगठा त्यांचा, साक्षीदाराची सही वेगळी. तुम्ही त्यांच्या वतीने सही करून मोकळं व्हायचं नाही. सही झालेली प्रत मागून घ्या. तिच्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो. ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नंबरही विचारा, तो सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर टाकला की ट्रायल कोणाची, कुठे चालू आहे, ते दिसतं.

सही केली म्हणजे नाव लागलं असं नाही. या स्टेजला गाठ मूत्रनलिकेवर दाबू शकते, मग किडनी फुगते, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारं) वाढतं. सिस्प्लॅटिन किडनीला जड, म्हणून पेशंट तिथेच गळतात. गावाकडे रक्तस्राव होतो म्हणून बायोप्सी न करताच पिशवी काढलेल्या बायकाही बहुतेक ट्रायलमध्ये बसत नाहीत. अन्यत्र एखादी किमो घेतली असेल तर लपवू नका. बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, गाठीचा तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्सही न्या. नाहीतर त्यासाठी परत साताऱ्याला फेरी होते.

खर्चाचं आधीच स्पष्ट करून घ्या. ट्रायलचं औषध आणि जादा तपासण्या यांचा खर्च सहसा प्रायोजकाकडे, म्हणजे ट्रायल करवणाऱ्या कंपनी किंवा संस्थेकडे, असतो. नेहमीची लाईट सरकारी योजनेतून की खिशातून, ते विचारा. प्रवासभाडं मिळतं का, हे विचारायलाही लाजू नका. लाईट साधारण पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार. नंतर आतून द्यायची लाईट वेगळी. पुढे पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी असते. एवढं येणं जमेल का, हे घरात आधी बोला.

ट्रायलमुळे इजा झाली तर ट्रायलसाठीच्या 2019च्या सरकारी नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. मधेच बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, नेहमीचा उपचार थांबत नाही. पण तपासणीला येणं न सांगता बंद करू नका. औषधाचा त्रास नंतर उमटला तर तो कोणाला कळणारच नाही.