उन्हात अडणारं शटर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मार्च सरला की गॅरेजच्या शटरबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांचं विचारणं एकच असतं : ऊन लागलं की शटर अडतं, तेल कोणतं घालू? खरं तर बहुतेक शटरांना तेल कमी आणि सफाई जास्त लागते.

प्रश्न : बंगल्याच्या गॅरेजला ९ फुटी, हाताने ओढायचं लोखंडी शटर आहे, तोंड पश्चिमेला. सकाळी नीट चालतं, दुपारी चारनंतर अर्ध्यावर अडतं. गाईडमध्ये, म्हणजे शटर सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत, भरपूर ग्रीस भरलं. काही दिवस बरं वाटलं, आता पहिल्यापेक्षा जड झालंय. पत्रा फुगतो म्हणून पट्ट्यांची टोकं ग्राइंडरने घासून घ्यावीत का? — वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ग्राइंडर अजिबात लावू नका. पत्रा उन्हाने वाढतो हे खरं, पण किती ते बघा. लोखंड दर मीटरला, दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तुमची पट्टी साधारण पावणेतीन मीटरची. सकाळी २५ अंशांवर असलेला पत्रा दुपारी ६५ पर्यंत तापला, तरी वाढ होते जेमतेम १.३ मिलिमीटर. बसवतानाच गाईडमध्ये याच्यापेक्षा जास्त मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा तुमच्याकडे ग्रीस आणि मातीने भरून गेली आहे, म्हणून सकाळी कसंबसं चालणारं शटर दुपारच्या त्या १.३ मिलिमीटरला अडतं. टोकं घासली तर पट्टीची गाईडमधली पकड कमी होईल आणि मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याला शटर गाईडमधून बाहेर येईल.

ग्रीस गाईडमध्ये घालायचंच नसतं. तापलं की त्यातलं तेल ओघळून जातं आणि मागे राहिलेल्या चिकट थरावर आपल्याकडची काळी माती बसते. हा लगदा पट्टीला पॉलिश पेपरसारखा घासतो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर त्यात कापसाचे तंतू मिसळतात आणि महिन्याभरात गाईडमध्ये बोळे धरतात.

सफाईला सकाळची वेळ धरा. गाडी बाहेर काढा, शटर पूर्ण वर घ्या. लाकडी पट्टीला जुनं सुती फडकं गुंडाळा, टर्पेंटाइनमध्ये भिजवा आणि गाईडच्या आतल्या तिन्ही बाजू वरून खाली पुसत या. पाव लिटर टर्पेंटाइन दोन्ही गाईडना पुरतं. जवळपास विडी-काडी, गॅस, चालू मोटर काही नको. तळाच्या चार बोटांत लगदा सर्वात घट्ट बसलेला असतो, तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा, तासभर वाळू द्या. मग सिलिकॉनचा कोरडा स्प्रे वरून खाली एकच हात मारा आणि शटर तीन-चारदा वर-खाली करा. एवढ्यावर थांबा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे अडकलेल्या कुलपाला ठीक, गाईडला नाही. तो उडून जातो आणि असलेलं वंगणही धुऊन नेतो. मेणबत्ती घासायची पद्धतही पश्चिमेच्या शटरला चालत नाही. मेण ५० ते ६० अंशांना वितळतं आणि खाली येऊन पुन्हा थिजतं. पाइपने धुणं टाळा, त्यातही बोअरचं जड पाणी नकोच; क्षार पट्ट्यांच्या जोडात बसतात.

एवढं करूनही अडलं, तर दोन गाईडमधलं अंतर टेपने वर, मध्ये आणि खाली मोजा. तिन्ही मापांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोष गाईडच्या बसवणीत आहे. ते फिटरकडून ओळंब्यात घेऊन पुन्हा बसवा.

प्रश्न : शटर उचलायला फार जड झालंय आणि सोडलं की धाडकन खाली येतं. वरच्या पाइपवरचे नट सैल करून स्प्रिंग घरीच पीळता येईल का? — वाचक, विजापूर रोड

उत्तर : नाही. त्या नटांना पानाही लावू नका. शटर खाली येतं तसतशी स्प्रिंग पिळत जाते, म्हणजे बंद शटरच्या डोक्यावर सर्वात जास्त ताण असतो. क्लॅम्प सुटला तर पाइप आणि पाना दोन्ही गरकन फिरतात; मनगट मोडतं, चेहऱ्यावर बसतं. शटर वर असतानाही थोडा ताण उरतोच.

स्प्रिंग गेली की नाही हे तेवढं घरी पाहता येतं. शटर कमरेएवढं उचला आणि हात न काढता पकड हलकी करा. जागीच राहिलं किंवा सावकाश सरकलं तर ठीक. सगळा भार हातावर आला तर स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे. फिटरला बोलावताना रुंदी, उंची आणि पाइपवर स्प्रिंगच्या पेट्या किती ते आधीच सांगा, म्हणजे तो योग्य माल घेऊन येईल. एक तुटली असली तरी जोडीची बदलून घ्या. दोघींनी तेवढेच फेरे खाल्लेले असतात. त्याच वेळी बेअरिंगमध्ये बोटाच्या पेराएवढं लिथियम ग्रीस भरून घ्या. ग्रीसची खरी जागा ती. काम होईपर्यंत शटर खालीच राहू द्या, मुलांना त्याखालून जाऊ देऊ नका.

प्रश्न : मोटरचं शटर दुपारी चार-पाच वेळा वर-खाली केलं की मोटर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. मोटर बदलावी लागेल का? — वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : बहुधा नाही. घरगुती शटरची मोटर सलग काही मिनिटंच चालण्यासाठी बनवलेली असते. आतलं थर्मल कट-आउट तापलं की वीज तोडतं, निवलं की जोडतं. हूडच्या, म्हणजे शटर गुंडाळलं जातं त्या वरच्या पेटीत दुपारी हवाच इतकी गरम असते की निवायला वेळ लागतो. कट-आउट काढून थेट जोडणी करून देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी जळेल.

आधी मेन स्विच बंद करा आणि हाताच्या साखळीने शटर चालवून बघा. साखळी जड लागली तर मोटर बिचारी गाईडमधल्या कचऱ्याशी झुंजते आहे. पहिल्या उत्तरातली सफाई करा. साखळी हलकी असेल, पण मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, उतरला असेल. तो उष्णतेने लवकर खराब होतो. इलेक्ट्रिशियनकडून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवून घ्या; वीज बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो. संध्याकाळी कूलर-एसी लागल्यावर व्होल्टेज किती उतरतं तेही मीटरने पाहायला सांगा. २०० च्या खाली गेलं की मोटर जास्त करंट ओढते आणि लवकर तापते.

प्रश्न : छताखाली सरकणारा सेक्शनल दरवाजा आहे. फक्त साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान रिमोटने बंद होत नाही. थोडा खाली येतो आणि परत वर जातो. — वाचक, होटगी रोड

उत्तर : वेळच सगळं सांगते. जमिनीपासून साधारण सहा इंचांवर दोन्ही बाजूंना सेन्सरचे डोळे असतात, एक किरण सोडतो, दुसरा घेतो. मावळतीचं ऊन घेणाऱ्या डोळ्यात थेट शिरलं की त्याला किरण ओळखू येत नाही. मध्ये कुणी उभं आहे असं समजून दरवाजा माघारी जातो. पुठ्ठ्याने त्या डोळ्यावर सावली धरून बटण दाबा. दरवाजा बंद झाला तर निदान पक्कं. भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टोपीसारखा पुढे बसवा. तरीही होत नसेल तर दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करून घ्या, म्हणजे घेणारा सावलीच्या बाजूला जाईल. सेन्सर काढून टाकायचा विचारही नको, लहान मूल दरवाजाखाली आलं तर तोच वाचवतो.

प्रश्न : शटरखालचं रबर कडक होऊन तुटलंय, फटीतून विंचू आत येतात. तेल लावून रबर मऊ होईल का? — वाचक, शेळगी

उत्तर : नाही होणार, आणि तेलाने बरीचशी रबरं फुगतात, कुजतात. नवीन घेताना ईपीडीएम जातीचं रबर मागा, ते उन्हाला टिकतं. शटर टेकल्यावर पट्टी थोडी दबली पाहिजे. पुठ्ठ्याचा तुकडा खालून सरकत असेल तर फट अजून आहे. रबर तापून फरशीला चिकटू नये म्हणून खालून टाल्कम पावडर चोळा. फरशीच खोलगट असेल तर रबर जाड घेण्याऐवजी तेवढ्या भागात सिमेंटचा हात मारून ती सपाट करून घ्या.