मोठं घर लांब, लहान घर जवळ, कुठलं घ्यावं?

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी 4 वर्षांची, सासूबाई सोबत असतात. एक घर ऐसपैस आहे पण तिथून दोघांनाही ऑफिसला दीड तास. दुसऱ्यात एक खोली कमी, पण माझं ऑफिस 35 मिनिटांवर आणि मुलीची शाळा चालत जाण्यासारखी. मिस्टर म्हणतात प्रवासाची सवय होते. काय करावं?

उत्तर : मला तर उलटंच वाटतं, सवय मोठ्या घराची होते, प्रवासाची होत नाही, कारण तो रोज वेगळा असतो, आज ट्रॅफिक, उद्या गाडी लेट. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून हेच दाखवलं, की लांबचा प्रवास करणारे कमी समाधानी असतात, चांगलं घर किंवा जास्त पगार मिळूनही ती कसर पूर्ण भरून निघत नाही.

तुमचाच हिशोब करू. जाता-येता मिळून रोज 110 मिनिटांचा फरक, महिन्याचे 22 दिवस धरले तर 40 तास! मुलगी साडेआठला झोपत असेल आणि तुम्ही आठला दारात, तर तिच्या वाट्याला आई येते अर्धा तास, त्यातही जेवण उरकायची घाई. आणि दुपारी शाळेतून फोन आला की हिला ताप आहे, घेऊन जा, तर कोण जाणार? बहुतेक घरांत हे ठरलेलं असतं, फक्त बोललेलं नसतं. ज्याला तो फोन येतो त्याच्या सोयीने घर बघा, दोन्ही ऑफिसांचा मध्य काढत बसू नका.

एका खोलीचा प्रश्न मात्र खरा आहे. सासूबाईंना हॉलमध्ये झोपावं लागणार असेल तर आधी त्यांना विचारा, नुसतं कळवू नका, आणि त्याच भागात थोडं जुनं पण एक खोली जास्त असलेलं घर मिळतंय का तेही बघा. लिफ्ट आहे का, डॉक्टर जवळ आहे का, हे त्यांच्यासाठी खोलीइतकंच महत्त्वाचं.

विकत घ्यायची घाई नको, जमलं तर आधी वर्षभर भाड्याने राहा. टोकन देण्याआधी दोन्ही घरांपासून कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला, दारापासून दारापर्यंत जाऊन या, संध्याकाळचा परतीचा प्रवासही करा, रविवारी मोकळ्या रस्त्यावर मोजलेला वेळ धरू नका. दोघांनाही आठवड्यातले तीन दिवस घरून काम कायमचं मिळणार असेल, तेही लेखी, तरच मोठ्या घराचा विचार करा.