मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी सणानिमित्त सोडत काढावी का?

सणाच्या निमित्ताने तिकिटे विकून बक्षिसांची सोडत काढावी आणि जमलेली रक्कम मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेला द्यावी, हे योग्य आहे का आणि त्यात कोणती काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे. अशा तीन सोडतींचा हिशेब मी ठेवलेला आहे. माझे उत्तर असे की, सोडत जरूर काढावी. मात्र पैसा नेमका कशावर खर्च होणार, हे तिकिटे छपाईला देण्यापूर्वीच ठरलेले असावे.

या कामात बहुतेक पैसा माणसांच्या वेळेवर खर्च होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ या वयोगटातील साधारणपणे दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो, आणि असे बरेचसे त्रास वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असूनही कोणाच्या लक्षात येत नाहीत. अशा मुलाला समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलायलाच काही भेटी जाव्या लागतात. सोडत मात्र एका संध्याकाळी आटोपते. त्यामुळे थोडाथोडा निधी पुष्कळ मुलांना वाटण्यापेक्षा, मोजक्या मुलांच्या भेटी शेवटपर्यंत पुऱ्या होतील एवढी तजवीज करावी, असे माझे ठाम मत आहे. बोलू लागलेल्या मुलाची मदत मध्येच थांबली, तर पुन्हा कोणावर विश्वास ठेवणे त्याला फार जड जाते.

आमच्याकडून पहिल्या वर्षी एक मोठी चूक झाली. जाहिरातीच्या फलकावर आम्ही एका मुलाची हकीकत छापली. नाव बदलले होते, छायाचित्रही पाठमोरे होते. पण त्याच्या दप्तराला लटकवलेला लोकरीचा पिवळा पोपट त्यात स्पष्ट दिसत होता आणि वर्गातल्या मुलांनी त्याला त्यावरूनच ओळखले. पालकांची लेखी संमती आमच्याकडे होती, त्या मुलाला मात्र कोणीच विचारले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १६ वे कलम मुलांनाही खासगी आयुष्य जपण्याचा हक्क देते, हे मी त्यानंतर वाचले. तेव्हापासून आम्ही फलकावर फक्त काम कसे चालते ते लिहितो, कोणाची कहाणी देत नाही.

पैसे घेऊन नशिबावर बक्षीस देणे हा अनेक देशांत कायद्याने लॉटरीचा प्रकार ठरतो, म्हणून परवानगीची चौकशी आधी करावी. मुलांना तिकिटे विकण्याचे लक्ष्य मुळीच देऊ नये.

प्रत्यक्ष सोडतीत स्थळप्रती, म्हणजे तिकीट फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणारे क्रमांकाचे तुकडे, सारख्या आकाराच्या असाव्यात, त्यांच्या घड्या सारख्या घालाव्यात आणि त्या सर्वांसमक्ष भरपूर ढवळाव्यात. ही किरकोळ बाब नव्हे. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली, तेव्हा ३६६ तारखांच्या कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या होत्या आणि त्या नीट मिसळल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात आधी निघाल्या. विकलेली, उरलेली आणि परत आलेली तिकिटे यांचा मेळ सोडतीपूर्वीच घालून तो जाहीर करावा.

आणखी एक गोष्ट. तिकिटाच्या मागच्या बाजूला, मुलाबद्दल काळजी वाटत असल्यास कोठे आणि कोणाशी बोलावे, ते छापावे. तिसऱ्या वर्षी एका बाईंनी एकच तिकीट घेतले, पुढच्या बाजूचा सोडतीचा क्रमांक पाहिलाही नाही, मागचा मजकूर उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि त्यातला दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो का, एवढेच विचारले. तो नव्हता. वेळा छापायच्या आमच्याकडून राहून गेल्या होत्या, त्या आपण न विसरता छापाव्यात.